पत्रा किती जाड आहे, बॉस?

गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलेला पुणेकर सगळ्यात आधी काय करतो? मायलेज नंतर विचारतो. आधी बॉनेटवर अंगठा दाबून बघतो, दारावर टकटक करतो आणि बरोबर आलेल्या काकांकडे बघून मान हलवतो. ‘पत्रा पातळ आहे हो!’ मग काका त्यांच्या प्रीमियर पद्मिनीचा विषय काढतात. ती कसा रणगाडा होती, भिंतीला धडकली तर भिंतच पडायची वगैरे वगैरे. सेल्समन बिचारा सनरूफ उघडून दाखवत राहतो.

तर दोस्तांनो, या आठवड्यात पत्र्याबद्दल. कारण शनिवारी सकाळी तुम्ही लोणावळ्याला जाणारच आहात आणि उर्से टोल मागे पडला की अॅक्सिलरेटरवरचा पाय जड होणारच आहे. शंभरचा वेग म्हणजे सेकंदाला 28 मीटर. तुम्ही मोबाइलवर गाणं बदलेपर्यंत गाडीने अख्खं क्रिकेटचं मैदान पार केलेलं असतं. 2016 या एका वर्षात या एक्स्प्रेस वेवर 151 माणसं गेली. तेव्हा पत्र्याचा प्रश्न काकांवर सोडून चालणार नाही.

अंगठ्याला कळतो तो बाहेरचा पत्रा. साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा. त्याचं काम रंग धरायचा आणि छान दिसायचं. जीव वाचवायचं काम असतं आतल्या सांगाड्याचं. म्हणजे विंडस्क्रीनच्या दोन्ही बाजूंचे खांब, पुढच्या-मागच्या दारांमधला ‘बी पिलर’, दारांखालचे रॉकर. हे शोरूममध्ये दिसत नाहीत, टकटक करून कळत नाहीत, ब्रोशरमध्येही अर्ध्या ओळीत उरकलेले असतात. आणि गेल्या काही दशकांत पोलादात जी खरी क्रांती झाली, ती नेमकी इथे!

गंमत म्हणजे ही क्रांती आपल्या गावच्या लोहाराला अनोळखी नाही. इंद्रायणीच्या कापणीआधी मावळात विळे लोहाराकडे जातात. तो पातं लालबुंद तापवतो, ठोकतो आणि चर्रकन पाण्यात बुडवतो. याला म्हणतात पाणी पाजणं. लोखंड एकदम थंड झालं की त्याची आतली रचना बदलते आणि धार टिकते. सावकाश थंड होऊ दिलं तर तोच विळा मऊ पडतो. 1977 मध्ये प्लानया नावाच्या स्वीडिश कंपनीने पत्र्याला असं पाणी पाजायची पद्धत पेटंट केली. कशासाठी? तर करवतीची आणि गवत कापायच्या मशीनची पाती करण्यासाठी! 1984 मध्ये साब कंपनीने हीच पद्धत आपल्या ‘9000’ या गाडीत आणली.

आज जगभर हे असं चालतं. पोलादात किंचित बोरॉन घालतात. किंचित म्हणजे टनाला 20 ते 50 ग्रॅम, म्हणजे अख्ख्या टनात चहाचे चारपाच चमचे. पत्रा भट्टीत 900 अंशांच्या वर तापवायचा, मऊ असतानाच प्रेसमध्ये टाकायचा आणि त्याच साच्यात दाबून धरायचा. साच्याच्या पोटात गार पाणी खेळवलेलं असतं. काही सेकंदांत भाग आकार घेतो आणि थंडही होतो, म्हणजेच कडक होतो. साध्या पत्र्याची नखाएवढी, एक चौरस सेंटिमीटरची पट्टी साधारण तीन टनांच्या ओढीला तुटते. हा पत्रा पंधरा टन झेलतो. आता तर वीस टनांच्या जातीही आल्यात. त्यामुळे जाडी न वाढवता, गाडी जड न करता खांब पाचपट मजबूत होतो. काकांचा ‘जाड म्हणजे मजबूत’ हा हिशेब इथेच बाद.

मग सगळी गाडीच अशी का नाही करत? कारण पुढचं नाक चेपायलाच हवं. धडकेचा जोर कुणीतरी खायला पाहिजे. नाक नाही चेपलं तर तो जोर तुमच्या छातीवर येणार. म्हणून पुढे घडी पडत पडत दबणारं पोलाद आणि माणसं बसतात तिथे न दबणारं. अपघातानंतर बॉनेटचा अॅकॉर्डियन झालेला बघून ‘काय टुकार गाडी’ म्हणू नका. दारं सहज उघडली का, ते विचारा. 2009 मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने 1959 ची जाडजूड शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मालिबू एकमेकींवर धडकवल्या. जुनीची केबिन पार चुरडली. नवीतला पुतळा पायाच्या दुखापतीवर निभावला. आपल्या काकांना हा व्हिडिओ जरूर दाखवा, पण जेवणानंतर.

अर्थात नुसत्या सांगाड्यावरही भागत नाही. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या धडकवल्या आणि पाचही शून्य स्टार घेऊन परतल्या. त्यात आपल्या चाकणला बनलेली पोलोही होती. तिचा सांगाडा टिकला होता, पण एअरबॅगच नव्हती. दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार स्टार मिळाले. डिसेंबर 2018 मध्ये नेक्सॉन पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली, तीही पुणे जिल्ह्यातल्याच रांजणगावची. 2023 पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप आहे. तेव्हा अंगठ्याऐवजी स्टार बघा, आणि ते नेमके कुठल्या व्हेरियंटला मिळालेत तेही बघा.

पोलादाच्या या गोष्टी तुमच्या वीकएन्डच्या रस्त्यालाच लागून आहेत बरं का. तळेगावला 2008 मध्ये जनरल मोटर्सने सुरू केलेला आणि 2020 च्या डिसेंबरात थंडावलेला प्लान्ट आता ह्युंदाईकडे आहे. खंडाळ्याचा घाट उतरलात की खोपोलीत 1960 च्या दशकापासूनचा स्पेशल स्टीलचा कारखाना, महिंद्रा युजिन. पुढे जपानच्या सान्योने तो घेतला. विजेच्या भट्टीत भंगार वितळवून गिअरचं, बेअरिंगचं पोलाद करायचं हा त्याचा धंदा. तुमच्या बाबांची स्कूटर भंगारात गेली तेव्हा रडला असाल, तर ती आज कुणाच्या तरी गिअरबॉक्समध्ये फिरत असेल. भंगाराच्या भट्टीचा आणखी एक फायदा म्हणजे दगडी कोळशाची झटभट्टी टळते, धूर कमी. 2022 मध्ये पुण्याच्या कल्याणी समूहाने नूतनीकरणक्षम विजेवर केलेलं ‘फेरेस्टा’ पोलाद आणलं ते याच वाटेने. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आज मला बोलायचंय ते सेकंडहॅन्ड गाडीबद्दल, कारण तुमच्यातल्या निम्म्यांची पहिली गाडी तीच असते. माझ्या एका हिंजवडीकर मित्राने मागच्या महिन्यात एक ‘टकाटक’ हॅचबॅक बघितली. विकणारा म्हणाला, बाजूने थोडी लागली होती, खांब गरम करून सरळ केलाय, कळतसुद्धा नाही. मित्र खूश, पाच हजार आणखी कमी करून घ्यायच्या बेतात. मी म्हटलं, थांब. पाणी पाजलेला विळा पुन्हा चुलीत ठेवला तर काय होतं? पाणी उतरतं. बी पिलरचंही तेच. गॅसच्या ज्योतीने तापवलेला खांब दिसायला सरळ होतो, पण पंधरा टनांचा जोर तिथेच संपतो. पुढच्या वेळी बाजूने ट्रक आला तर खांब आत येणार, आणि आत तुम्ही. असा खांब सरळ करायचाच नसतो, कंपनीने सांगितलेल्या जागी कापून नवा बसवायचा असतो. महाग पडतं, म्हणून तर गल्लीतला डेंटिंगवाला ज्योत पेटवतो. त्याला कुणी हे शिकवलेलंच नाही, त्याच्यावर तरी किती चिडणार?

मित्राने ती गाडी सोडली. तुम्ही बघायला जाल तेव्हा दाराच्या चौकटीवरचं काळं रबर हाताने ओढा, सहज निघतं. आत फॅक्टरीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे दिसतील, सारख्या अंतरावर, ओळीत. डावी-उजवी बाजू ताडून बघा. खळगे वेडेवाकडे असतील, बुजवलेले असतील, पुट्टी किंवा ग्राइंडरचे ओरखडे दिसले, तर रबर परत बसवा आणि पुढची गाडी बघा. विकणारा म्हणेल, ‘पत्रा बघा ना साहेब, केवढा जाड आहे!’