दोन टिंबांचा घोळ

घाटनांदूरच्या एका डीटीपी-झेरॉक्स चालकाचे पत्र या महिन्याच्या टपालात आले. त्यांनी एका शेतकऱ्याचा अर्ज टंकला आणि 'विषय' या शब्दापुढे रीतसर अपूर्णविराम दिला. कार्यालयातल्या लिपिकाने अर्ज परत केला. "आमच्या नमुन्यात 'विषयः' आहे, तसंच टाका." शेतकऱ्याचा दिवस वाया गेला आणि बोलणी ऑपरेटरने खाल्ली. बरोबर काम करणाऱ्यालाच हा दंड!

विसर्गाला उच्चार आहे, अपूर्णविरामाला नाही. कागदावर दोन्हींची दोनच टिंबे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन निराळी चिन्हे आहेत. 'दु:ख' अपूर्णविरामाने टंकले, तर 'दुःख' शोधणाऱ्याला ते सापडत नाही. उलट मथळ्यापुढे विसर्ग टंकला, तर पडद्यावरचा मजकूर ऐकून काम करणाऱ्या दृष्टिहीन माणसाला 'नाव' आणि 'पत्ता' यांच्या शेवटी नसलेला हकार ऐकावा लागू शकतो.

घोळाचे मूळ आपल्या बोटांखाली आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकात अपूर्णविरामाची कळ च-छला दिली आहे. विसर्ग मात्र शिफ्टसह उणे चिन्हाच्या कळीवर हाताशी मिळतो. घाईत अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टंकलेले पत्र फाइलला लागते, फाइलचा नमुना होतो आणि बदलून आलेला लिपिक तोच प्रमाण मानतो. वर्णमाला आणि लिपीबद्दल शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये निर्णय काढले. ते निर्णय कपाटात आणि चुकीचा नमुना टेबलावर, ही स्थिती साहेबांना दिसत कशी नाही?

आपल्यातल्या काहींनी तर कहर केला. 'शोधा आणि बदला' वापरून त्यांनी सगळेच विसर्ग उडवले. त्यात 'स्वतः', 'प्रायः', 'अंतःकरण' हेही गेले. बदल करायचा तो 'विषय', 'संदर्भ', 'प्रति', 'दिनांक' अशा मथळ्यांपुरताच, आणि एकेक ठिकाण डोळ्यांनी पाहून. अपूर्णविरामासाठी क्षणभर इंग्रजी कळफलकावर जायला विंडोज आणि स्पेस या दोन कळा पुरतात.

"एका टिंबाने काय बिघडते?" असे विचारणाऱ्यांनी वारसांचे शपथपत्र आठवावे. 'मारुती, विठ्ठल' हे दोन भाऊ. स्वल्पविराम गळला की विठ्ठल मारुतीचा बाप होतो आणि एक वारस कागदावरून नाहीसा होतो. मोडीला विरामचिन्हे नव्हती. थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहून ती मराठीत रुजवली. पावणेदोनशे वर्षांनंतरही आपण ती ग्राहकाच्या नशिबावर सोडायची का?

मित्रहो, आज दुकान बंद करण्याआधी नमुन्यांचा फोल्डर उघडा. अर्ज, शपथपत्र, संमतीपत्र, लग्नपत्रिका सगळे तपासा. दुरुस्त नमुन्याची प्रत कार्यालयात नेऊन द्या आणि पोच घ्या. टंकलेखन संस्थाचालकांनो, वेगाच्या आधी विद्यार्थ्याला अपूर्णविराम कुठे मिळतो ते दाखवा. आणि बरोबर टंकलेला अर्ज कुणी परत केला, तर कारण लेखी मागा. ती चिठ्ठी आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात आम्ही ती छापू.