मागच्या आसनावरून गाडी पाहावी

दसरा जवळ आला की मानवतच्या मोंढ्यात कापसाच्या भावाबरोबर आणखी एक चर्चा रंगू लागते : यंदा कोणाच्या दारात नवी गाडी उभी राहणार? घरातील वडीलधारे ‘ॲव्हरेज किती?’ असे विचारतात, तरुण मुलाची नजर सनरूफ आणि मोठ्या टचस्क्रीनवर खिळते, आणि नातेवाईक प्रथम किंमत विचारतात. हे प्रश्न चुकीचे नाहीत. मात्र ते सर्व पुढच्या आसनावरून विचारलेले असतात. घरातील आजी-आजोबा, सुना आणि लहान मुले बहुधा मागे बसतात; त्यांच्या वतीने प्रश्न विचारणारा शोरूममध्ये क्वचितच कोणी असतो.

परभणी जिल्ह्यात पेट्रोलचा दर राज्यात बहुधा चढाच राहिला आहे. त्यामुळे ॲव्हरेजची चिंता स्वाभाविक आहे. पण तिचाही हिशोब मांडून पाहावा. महिन्याला 1000 किलोमीटर प्रवास धरला, तर लिटरला 18 आणि 21 किलोमीटर धावणाऱ्या दोन गाड्यांत फरक सुमारे आठ लिटरचा, म्हणजे लिटरला शंभर रुपये धरल्यास आठशे रुपयांचा पडतो. शिवाय जाहिरातीतील आकडा हा ठरावीक चाचणीतला असतो. भर मे महिन्यात, वातानुकूलन चालू ठेवून, माणसांनी भरलेली गाडी तो गाठत नाही.

किंमत हाच सर्वांत मोठा गुण मानणाऱ्यांनी नॅनो आठवावी. दुचाकीवरून दाटीवाटीने जाणारे कुटुंब पाहून रतन टाटा यांना तिची कल्पना सुचली आणि जानेवारी 2008 मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती जगापुढे आली. एक लाखाची मोटार म्हणून तिचे कौतुक झाले; परंतु ‘सर्वांत स्वस्त’ हाच शिक्का तिला नडला, हे पुढे खुद्द टाटांनीही मान्य केले. दारात उभ्या राहणाऱ्या गाडीतून माणूस सोय विकत घेतो, तशी प्रतिष्ठाही घेतो. स्वस्त म्हणवून घेणे ग्राहकाला रुचले नाही.

प्रतिष्ठेला एवढे जपणारा हाच ग्राहक सुरक्षिततेबाबत मात्र दीर्घकाळ उदासीन राहिला. जानेवारी 2014 मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. नॅनो त्यांत होती. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांपैकी पोलो ही गाडी दोन एअरबॅगांसह तपासली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. म्हणजे निर्मात्याला ते जमत होते. ग्राहक मागत नव्हता. पुढे डिसेंबर 2018 मध्ये पुण्याजवळील रांजणगावच्या कारखान्यात तयार होणाऱ्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले आणि ताऱ्यांची चर्चा जाहिरातींत आली. 1 ऑक्टोबर 2023 पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची मूल्यांकन पद्धत लागू झाली. तिच्यात प्रौढांचे आणि बालकांचे तारे वेगवेगळे दिलेले असतात. दोन्ही पाहावेत.

तारे असले तरी ते आपोआप रक्षण करीत नाहीत. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीवरील पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीचा अपघात झाला. मोटार महागडी आणि एअरबॅगांनी सज्ज होती. पुढे बसलेले दोघे बचावले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, ते दोघेही मृत्यू पावले. मानवतवरून जाणाऱ्या कल्याण-निर्मल महामार्गावर आज अनेक गाड्यांत मागे कोणी पट्टा लावीत नाही. पुष्कळदा तर आसनांवर कव्हर चढते आणि पट्ट्याची खाच त्याखाली कायमची दडपली जाते.

शोरूममध्ये मोह पडतो तो वरच्या व्हेरिएंटचा. ‘महिन्याला फक्त दोन हजारच जास्त’ हे वाक्य व्यापाऱ्याने तरी हिशोबाशिवाय मान्य करू नये. एक लाखाचे जादा कर्ज, नऊ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली, तर हप्ता सुमारे 2076 रुपये येतो आणि फेड सुमारे 1,24,500 रुपयांची होते. हे पैसे सनरूफला जातात की अधिक एअरबॅगांना, हे तपासावे. दुसरा गैरसमज जीएसटीचा. फर्मच्या नावाने गाडी घेतली की कर वजा मिळतो, या समजुतीने कित्येक जण गरजेपेक्षा मोठी गाडी घेतात. चालकासह तेरा किंवा त्याहून कमी आसनांच्या प्रवासी गाडीवरील कराचे क्रेडिट, टॅक्सी व्यवसायासारखे अपवाद वगळता, कायद्याने मिळत नाही. आयकरातील घसारा तेवढा व्यवसायातील वापराच्या प्रमाणात मिळतो.

म्हणून गाडी ठरविण्यापूर्वी सारे कुटुंब शोरूममध्ये न्यावे. आजीला मागे बसवून पाहावे : गुडघे न दुखता चढता-उतरता येते का? मधल्या आसनाला खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा आहे का? लहान मुलाची खुर्ची अडकविण्याची सोय आहे का? जिंतूरजवळच्या नेमगिरीला सहकुटुंब दर्शनास जाताना सामान डिकीत मावेल का? नजीकचे सेवा केंद्र किती अंतरावर आहे? आणि आसने व स्टिअरिंगचे आवरण खऱ्या चामड्याचे तर नाही ना? अहिंसा पाळणाऱ्या घराने हा प्रश्न संकोच न करता विचारावा. कृत्रिम आवरणाचे पर्याय सहज मिळतात.

गाडी घरी आली की पेढे वाटण्यापूर्वी एक काम करावे : मागच्या आसनांचे तिन्ही पट्टे कव्हराबाहेर काढून ठेवावेत आणि ते लावल्याशिवाय गाडी सुरू करू नये, असा घराचा नियम घालावा. त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजावा लागत नाही.