माल अंगावर पडण्याची भीती

तूर वर्षातून एकदा येते आणि डाळ बारा महिने विकली जाते. मधले महिने तो माल कुणाला तरी सांभाळावा लागतो. लातूर, अकोला, जळगावच्या दालमिल हे काम करत आल्या. जानेवारी-फेब्रुवारीत आवक वाढली की कर्ज काढून गोदाम भरायचं आणि पुढे गिऱ्हाईक येईल तशी डाळ काढायची. आता बरेच मिलवाले गरजेपुरतीच तूर उचलतात.

त्यांना दोष कसा द्यायचा? 15 मे 2021 ला तुरीची आयात खुली झाली आणि त्या मुभेची मुदत वेळोवेळी वाढत गेली. जून 2023 मध्ये साठामर्यादा आली. घाऊक व्यापाऱ्याला 200 टनांची मुभा होती, ती सप्टेंबरमध्येच 50 टनांवर आली. मिलची मर्यादा साधारण तीन महिन्यांच्या उत्पादनावरून एका महिन्यावर उतरली. शिवाय मोझांबिक, टांझानियाची तूर नेमकी आपल्या हंगामाच्या तोंडावर बंदरात उतरते. जानेवारीत चढ्या भावाने भरलेला माल पुढच्या एका अधिसूचनेने अंगावर पडणार असेल, तर व्याज भरून तो कोण ठेवील?

डाळींची मागणीही जागेवर राहत नाही. डिसेंबर 2023 पासून पिवळा वाटाणा शुल्काविना येऊ लागला. हरभरा महागला की बेसनात वाटाणा मिसळतो आणि हरभऱ्याचा उठाव मंदावतो. या वाटाण्यावर 30 टक्के शुल्क लागलं ते थेट 1 नोव्हेंबर 2025 ला.

आयात नकोच, असं मी म्हणणार नाही. 2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली होती, तेव्हा गरिबाच्या ताटातली आमटी पातळ झाली. देशाची गरज पिकापेक्षा मोठी आहे. माझा आक्षेप वेळेला आहे. मार्च 2026 पर्यंतची मुदतवाढ जाहीर झाली जानेवारी 2025 मध्ये, म्हणजे नवी तूर बाजारात येत असताना. तेव्हा हमीभाव क्विंटलला 7550 रुपये होता आणि अनेक बाजार समित्यांत तूर त्याखाली विकली गेली. मिलने आखडता घेतलेला हात शेतकऱ्याला सोसावा लागतो. साठा नाहीसा होत नाही, तो मिलच्या गोदामातून शेतकऱ्याच्या घरात येतो, आणि तिथे त्यावर कर्ज द्यायला सहसा कुणी येत नाही.

केंद्र सरकारने तुरीच्या आयातीची मुदत आणि शुल्क मे महिन्यात, पेरणीआधी जाहीर करावं आणि पुढचा हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नये.