पोथीतला चक्रमर्द आणि गायरानातला तरोटा

ऑगस्ट महिना आला की कृषी विभागाच्या वतीने जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. मंडप पडतो, फीत कापली जाते. बचत गटाच्या महिलांनी तरोटा, कुर्डू, घोळ, पाथरी, तांदुळजा ताटांत मांडलेला असतो. पाहुणे चव घेतात आणि 'आपला प्राचीन ठेवा' या विषयावर भाषण करून निघून जातात. या 'आपला' शब्दापाशी जरा थांबले पाहिजे. तरोट्याची भाजी खाणे हे दारिद्र्याचे लक्षण समजले जात होते, तेव्हा हा ठेवा कोणाचा होता? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील गावकुसाबाहेरच्या चुली रानातल्या पाल्यावर आणि रोजगार हमीच्या कामावरील सुकडीवर पेटल्या. तेव्हा त्या ताटाकडे कोणी ठेवा म्हणून पाहिले नव्हते.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील फुलंब्री तालुक्याचे उदाहरण घेऊ. अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा, गिरिजा नदीच्या खोऱ्यातला हा तालुका. मका, कापूस आणि अद्रक ही येथील पिके. रानवनस्पती मात्र या पिकांत नसतात. त्या असतात गायरानात, बांधावर, ओढ्याकाठी आणि डोंगराच्या उतारावर. म्हणजे जी जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर नसते किंवा ज्या जमिनीला किंमत नसते, तेथे. म्हणूनच त्यांची ओळख ज्यांना सातबारा नाही त्यांनाच झाली. दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला जाणारी मजूर बाई संध्याकाळी मजुरीबरोबर ओटीत भाजी घेऊन येते. विळा लागला तर कंबरमोडीचा पाला चोळून जखमेवर दाबते. सांधे धरले की निर्गुडीच्या पाल्याचा शेक, नायट्याला तरोट्याचे बी वाटून लेप, लघवीची जळजळ झाली तर सराट्याचा काढा. हे तिला कोणत्या विद्यापीठाने शिकवले नाही. आता शेतात तणनाशक आले. त्याने तिची खुरपणीची मजुरी गेली आणि ओटीतली भाजीही गेली. या दुहेरी नुकसानीची नोंद महोत्सवाच्या भाषणात होत नाही.

वनस्पतींचे ज्ञान म्हणजे केवळ औषध नव्हे. कातडे कमावण्यासाठी तरवडाची आणि बाभळीची साल कशी, किती दिवस वापरायची हे ढोर-कक्कया समाजाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. क्रोमियमच्या रासायनिक प्रक्रियेने ते मोडीत काढले. केकताडाचा वाख काढून त्याचा दोर वळणे आणि शिंदीच्या पानांचे झाडू बांधणे हे मातंगांचे काम. तरवडाच्या व निर्गुडीच्या फोकांतून टोपली विणणारा कैकाडी, झोळीत मुळ्या घेऊन गावोगाव फिरणारा वैदू, अजिंठ्याच्या डोंगररांगेतील भिल्ल, हे सारे वनस्पतिशास्त्रज्ञच होते. जातिव्यवस्थेने त्यांच्याकडून काम घेतले आणि त्या कामाला ज्ञान म्हणायचे नाकारले.

हे आजचे नाही. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी जी मनुस्मृती जाळली, तिच्या चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न खाऊ नये असे सांगितले आहे आणि त्या अन्नाची तुलना पुवाशी केली आहे. रोग्याला हात लावणारा, मुळ्या खणणारा माणूस त्या व्यवस्थेला अपवित्र वाटला. उलट चरकसंहितेतच कबुली आहे की वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांना, गुराख्यांना व वनवासींना माहीत असतात. अर्थात, नुसते नाव-रूप कळले म्हणजे सर्व कळले असे नाही, अशी पुस्तीही चरक जोडतो. बौद्ध परंपरा वेगळी आहे. विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा येते. उकिरड्यावर टाकलेले हे मूल तक्षशिलेत वैद्यक शिकले. एक योजन परिसरात औषधी नसलेली वनस्पती शोधून आण, असे गुरूने सांगितले तेव्हा जीवक रिकाम्या हाताने परतला, आणि तेच त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाण ठरले. तोच पुढे भगवान बुद्धांचा वैद्य झाला.

आता कायद्याकडे येऊ. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रथमच मान्य केले की जैविक संपत्तीचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने लाभाचा वाटा स्थानिक लोकांना दिला पाहिजे. कंपन्यांनी तो टाळण्याचा आटोकाट प्रयत्न केला. दिव्य फार्मसी याच मुद्द्यावर उत्तराखंड उच्च न्यायालयात गेली. २१ डिसेंबर २०१८ रोजी न्या. सुधांशू धुलिया यांनी निकाल दिला की देशी कंपनीलाही हा वाटा द्यावा लागेल. राज्य मंडळाची मागणी होती सुमारे दोन कोटींची आणि कंपनीचा नफा होता ४२१ कोटींचा! या निकालानंतर पाच वर्षांच्या आत, २०२३ साली, संसदेने कायदाच बदलला. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान' बंधनातून मोकळे केले. संहिताबद्ध म्हणजे काय? तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्रमाणग्रंथांत जे आहे ते. शिवाय कायदा मोडणाऱ्याला पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, तेथे आता फक्त दंड उरला.

याचा अर्थ मराठीत सरळ सांगायचा तर असा: तरोटा पोथीत 'चक्रमर्द' नावाने आहे. त्वचारोगावर त्याचा उपयोग पोथीत आहे. म्हणून त्या ज्ञानाचे कोणी काही देणे लागत नाही. रानातून उपटलेली वनस्पती अजून कायद्याच्या कक्षेत आहे, परंतु तिच्याविषयीच्या ज्ञानाचा वाटा मागण्याची वाट पोथीने बंद केली. पोथीत ते ज्ञान कोणाकडून गेले, हा प्रश्न कायदा विचारत नाही. ज्यांना हजारो वर्षे अक्षर शिकण्याची बंदी होती त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत, हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला. इकडे तरोट्याच्या बियांपासून निघणारा डिंक परदेशात कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद अन्नाला घट्टपणा आणतो. बी गोळा करणाऱ्या बाईला आठवडी बाजारातला व्यापारी देईल तो भाव.

केरळात कणी आदिवासींनी दाखवलेल्या 'आरोग्यपच्चा' या वनस्पतीपासून 'जीवनी' हे औषध तयार झाले. १९९५ मध्ये ते औषध कंपनीकडे गेले, तेव्हा परवाना शुल्काचा निम्मा हिस्सा कणींना देण्याचे ठरले आणि त्यांचा न्यास उभा राहिला. त्या व्यवहारात त्रुटी होत्या; परंतु ज्ञान देणाऱ्याला नाव आणि पैसा दोन्ही मिळू शकतात हे दिसले.

येथे आपल्याच काही मित्रांशी मतभेद नोंदवतो. झाडपाल्याचे गोडवे गात दलित-भटक्यांनी पुन्हा मुळ्या खणाव्यात, दोर वळावेत असे कोणी सुचवत असेल तर ते आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांनी जातीचे धंदे सोडायला सांगितले ते विचारपूर्वक. साप चावल्यावर मुळी उगाळत बसणे म्हणजे मृत्यूला बोलावणे. त्यावर सरकारी दवाखान्यातील प्रतिविष हाच उपाय. सर्पदंशावर मंत्र-गंडे करून रुग्णाला दवाखान्यापासून रोखणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. रानातले ज्ञान प्रयोगशाळेत तपासले जावे, खोटे ते फेकले जावे. खरे ठरेल त्यावर मात्र मूळ धारकाचे नाव असावे. जिल्ह्यातच बाबासाहेबांच्या नावाचे विद्यापीठ आहे. वैदूच्या आणि मजूर बाईच्या नातवंडांनी तेथे वनस्पतिशास्त्र शिकावे. शोधनिबंधात त्यांच्या आजीचा उल्लेख 'स्थानिक माहितीदार' एवढाच होता कामा नये.

गायरान हा तर मूळ प्रश्न. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. २०२२ साली मात्र उच्च न्यायालयात राज्यभरातील दोन लाखांहून अधिक गायरान अतिक्रमणे हटवण्याची भाषा झाली. वनहक्क कायद्याची वाटही सोपी नाही. आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. फिरत्या वैदूने तो कोठून आणायचा?

तरीही एक कागद हातात आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. २००४ च्या नियमांत समितीवर एक तृतीयांश महिला आणि १८ टक्के अनुसूचित जाती-जमातीचे सदस्य सांगितले होते. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दरमहा १० लाखांच्या दंडाचा इशारा दिला, तशा देशभर घाईघाईने लाखांनी समित्या कागदावर उभ्या राहिल्या. व्यापारासाठी वनस्पती गोळा करणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकारही या समितीला आहे. फुलंब्री तालुक्यातील आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत ही नोंदवही मागावी, मोठ्याने वाचून घ्यावी. माहिती सांगणाऱ्यांच्या यादीत वस्तीवरच्या किती बायांची नावे आहेत ते मोजावे. नोंदवही दाखवली गेली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.