न्यायसहायक मानसशास्त्र: निवड कशाची?

सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञ पाठविण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून कायद्यात आली आणि फलटणसारख्या शहरांतील मानसशास्त्राचे पदवीधरही या शाखेकडे पाहू लागले, तर नवल नाही. ओढ असते ती नार्को व ब्रेन मॅपिंगची. पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये मेंदूचाचणी पुरावा म्हणून स्वीकारली होती. परंतु २०१० च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना अशा चाचण्या घटनाबाह्य ठरविल्या. तेव्हा केवळ यंत्रे हाताळावयास शिकविणारा अभ्यासक्रम तोकडाच. आरोपीच्या मनोवस्थेचे मूल्यमापन करावयाचे, तर चिकित्सा मानसशास्त्राचे प्रशिक्षण हवे. त्यास भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात जा वा अन्यत्र. शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी नेमक्या त्या अभ्यासक्रमाची मान्यता तपासावी. संस्थेच्या नावावर ती गृहीत धरता येत नाही.