वयोमानाची सबब

आपल्या भाषेंत कांहीं शब्द असे आहेत कीं, ते एकदां उच्चारले म्हणजे विचार करण्याची जबाबदारी संपली असें आपण मानतों. 'वयोमान' हा त्यांतलाच. वडिलांचा हात कांपूं लागला, पाऊल घसटूं लागलें, आवाज क्षीण झाला, कीं घरांतील सुशिक्षित मंडळी म्हणतात, "वयोमानाप्रमाणें चालायचेंच!" या दोन शब्दांनीं एका रोगावर पांघरूण पडतें, आणि त्याखालीं रोगी व त्याची शुश्रूषा करणारीं माणसें सारींच गुदमरतात.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरानें १८१७ सालीं सहा रुग्णांवरून या कंपवाताचें वर्णन प्रसिद्ध केलें. मेंदूंतील एका काळसर भागांतल्या पेशी मरत जातात व त्या बनवितात तें डोपामीन नांवाचें द्रव्य उणें पडतें, हें पुढें सिद्ध झालें. वयाबरोबर या रोगाचा संभव वाढतो हें खरें. पण रोग म्हणजे वय नव्हे. अमेरिकन नट मायकेल फॉक्स यास १९९१ सालीं त्यानें गांठलें तेव्हां तो तिशीच्या उंबरठ्यावर होता.

परंतु या सबबीचा खरा घात याहून खोल आहे. रोगाला वय म्हटलें कीं त्याचीं लक्षणें स्वभावाचे दोष ठरतात. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यानें मुद्रा निर्विकार दिसते. घरचे म्हणतात, 'यांना आतां कशाचेंच कांहीं वाटत नाहीं.' दारांत पाऊल अकस्मात् जमिनीला खिळतें. घरचे म्हणतात, 'हट्टीपणा!' सकाळीं औषधाच्या अमलांत स्वतः सदरा घालणाऱ्यास दुपारीं तो अंमल ओसरल्यावर एक गुंडी लावतां येत नाहीं. त्यावर शेरा, 'मनांत आलें तर सगळें जमतें!' ज्या हातानें जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या त्याचें अक्षर मुंगीएवढें होतें, आणि सही जुळत नाहीं म्हणून बँकेंतून त्याला परतावें लागतें. खिन्नता हीहि पुष्कळदां या रोगाचाच भाग असते. तिला आपण 'नाटक' म्हणतों. रोग माणसाची हालचाल हिरावतो. त्याची अब्रू हिरावणारे आपण!

दुसरा बळी शुश्रूषा करणारीचा. ती बहुधा पत्नी, नाहीं तर सून. रोग्यास कूस पालटतां येत नाहीं म्हणून तिनें रात्रीं उठावें, गोळीची वेळ टळूं नये म्हणून घड्याळाकडे डोळा ठेवावा, डाळ-दुधाच्या प्रथिनांनीं कित्येकांस औषधाचा गुण कमी येतो म्हणून जेवण आणि गोळी यांत अंतर राखावें. याच्या मोबदल्यांत आपण तिला देतों काय? तर 'सावित्री' ही पदवी! पदवी देणारे हात मात्र एका रात्रीचीहि पाळी घेत नाहींत. ज्या कष्टांत आपला वांटा नाहीं त्यांना सेवाधर्म म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

'रोग बरा होत नाहीं, मग निदान करून काय साधणार?' असें शहाणे लोक विचारतात. मधुमेहहि समूळ जात नाहीं. म्हणून त्याचें निदान करूं नये असें कोणी म्हणतो काय? लेव्होडोपा हें औषध विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापासून वापरांत आहे. त्याच्या बळावर कित्येक माणसें वर्षानुवर्षें आपलीं कामें आपण करतात. खिळलेलें पाऊल जमिनीवरील आडव्या रेघेनें किंवा तालांत मोजलेल्या आंकड्यांनीं पुष्कळदां सुटतें. पुण्यांत पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण व आप्त यांस एकत्र आणतें. दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम, २०१६ यानें तर हा रोग नांव घेऊन दिव्यांगत्वांत गणला आहे. कायद्याला जें दिसलें तें घरांतल्या पदवीधरांस दिसूं नये काय?

तेव्हां घरांत कोणाचा हात कांपूं लागला, किंवा न कांपतांहि हालचाल मंदावली, तर प्रथम मेंदूविकारतज्ज्ञाचें दार गांठावें. निदान झाल्यास त्याचीं लक्षणें घरांतील लहानथोरांस समजावून द्यावीं, आणि शुश्रूषेच्या पाळ्या मुलांनीं, मुलींनीं व जांवयांनींहि वांटून घ्याव्यात. एवढें केल्यानंतर जें उरेल त्यालाच खुशाल वयोमान म्हणावें.