वाण चांगलं, पण वेळ चुकली

संक्रांत झाली की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘गेली बाई थंडी!’ दिवस तिळातिळाने मोठा होतो हे खरं. पण थंडी काही पंचांग पाहून परत जात नाही. हे मला शिकवलं २०१२ सालच्या हळदीकुंकवाने.

आमचं गाव निफाडच्या बाजूचं. द्राक्षबागांचा आणि कडाक्याच्या थंडीचा मुलूख. त्या वर्षी आमच्या बचत गटाने ठरवलं, वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे नकोत, भाजीची रोपं लुटायची. कल्पना माझीच. टोमॅटो, मिरची, दोडक्याची पिशवीतली रोपं हातात पडली तेव्हा बायका किती खूश झाल्या! ओढ्याकाठी राहणाऱ्या, भाजी विकून घर चालवणाऱ्या एका मावशींना तर मी उरलेली सगळी रोपं दिली. ‘‘आत्ताच लावू का ताई?’’ त्यांनी विचारलं. ‘‘लावा की, संक्रांत झाली!’’ मी ठासून सांगितलं. मावशींनी गटातून दीड हजार रुपये उचलले, शेणखत टाकलं, मांडवाला बांबू आणि तार आणली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडीची लाट आली. एका सकाळी मावशींच्या वाफ्यात जाऊन पाहते तर पानापानावर पांढरं दंव गोठलेलं. ऊन चढलं तशी पानं उकडल्यासारखी काळी पडून लोळली. मावशी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘वाण चांगलं होतं ताई, वेळ चुकली.’’ पुढे कर्जाचा एकही हप्ता त्यांनी चुकवला नाही. मला त्याचीच जास्त लाज वाटली.

नवल म्हणजे तीच रोपं माझ्या अंगणात धडधाकट होती! असं का? मग कळलं, गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून खाली येते आणि ओढ्याकाठच्या सखल जागेत साचते. माझं अंगण गावात, तिन्ही बाजूंनी भिंती. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. आणखी एक गोष्ट. बातम्यांत सांगतात तो पारा जमिनीपासून साधारण चार फुटांवरच्या पेटीतला असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगत त्याहून दोन-चार अंश जास्त गारठा असतो. म्हणजे बातमीत ३ अंश ऐकलं, तरी आपल्या वाफ्यात दंव गोठू शकतं. डिसेंबर २०१८च्या अखेरीस तर निफाडचा पाराच २ अंशांच्या खाली उतरला होता. तेव्हा जमिनीलगतच्या रोपाचं काय झालं असेल!

म्हणून प्रत्येकीच्या परसबागेची तारीख वेगळी. ती कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, आपणच लिहायची. स्वयंपाकघरातल्या ज्या दिनदर्शिकेवर आपण दुधाचा हिशेब मांडतो, तिच्यावरच ज्या सकाळी दंव गोठलेलं दिसेल त्या दिवशी एक खूण करा. वर्ष संपलं की ती रद्दीत घालू नका. चार-पाच वर्षांच्या खुणा समोर ठेवा. त्यातली सगळ्यात उशिराची तारीख घ्या, वर आठवडाभर सोडा आणि मगच नाजूक रोपं जमिनीत लावा.

नाजूक म्हणजे टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, काकडी, दोडका. मेथी, पालक, मुळा, गाजर, कोबी यांना थंडी मानवते. ती खुशाल लावा. वाटाण्याचा वेल तग धरतो, पण फुलं आणि कोवळ्या शेंगा करपतात. घाई असेल तर नाजूक भाज्यांचं बी जानेवारीअखेर पिशव्यांत टोचून उबदार भिंतीशी ठेवा. वेलभाज्यांची रोपं दोन-तीन आठवड्यांत, टोमॅटोची महिनाभरात तयार होतात. तोवर थंडीही सरते.

आणि लावून बसलाच असाल तर? आकाश स्वच्छ, वारा पडलेला आणि सांजेलाच गारठा जाणवला तर सावध व्हा. दिवसाउजेडी पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते. सूर्य मावळायच्या आत काठ्या रोवून जुनी साडी पसरा. ती पानांना टेकू देऊ नका आणि सकाळी ऊन आलं की काढा. शेंडे काळे पडले तरी लगेच खुडू नका. थंडी सरल्यावर खालून फुटवा येतो का ते पाहा.

सरकारी योजनांतून परसबागेसाठी बियाणं मिळतं, ते चांगलंच आहे. पण पाकीट हातात आलं की लगेच पेरायचं, असं नाही. बियाणं वाटणाऱ्यांनीही आधी गावातल्या बायकांना विचारावं, तुमच्याकडे दंव कधीपर्यंत पडतं? उत्तर आपल्याकडे असतं, फक्त आपण ते लिहून ठेवत नाही.

आमच्या गटात आता हळदीकुंकवाला बियांची पुडी देतो आणि ती कधी पेरायची ते मावशी सांगतात. ओढ्याकाठच्या घरांसाठी वेगळी तारीख, गावातल्यांसाठी वेगळी. मी शेजारी बसून लिहून घेते. शिकलेली मी, पण या विषयात गुरू त्याच!